पांचव्या महिन्यांतील पांचवा दिवस

श्रोते हो, आपल्याकडे वैशाख संपून ज्येष्ठ लागला म्हणजे शेतकऱ्याचे डोळे आकाशाकडे लागतात. शाळांच्या सुट्या संपत आलेल्या असतात आणि सहलीचा विचार फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं. चीन देशांत मात्र नेमक्या ह्याच सुमारास, उन्हाळ्याच्या तोंडीं, एक मोठा सण येतो. आणि लाखों माणसें घर सोडून नदीकांठीं, सरोवरांवर आणि जुन्या देवळांकडे जातात. ह्या सणाला ‘दुआनवू’ असें म्हणतात. चिनी पंचांगांतील पांचव्या महिन्याची पांचवी तिथि ही त्याची वेळ. त्यांचें जुनें पंचांग आपल्यासारखेंच चांद्र आहे, आणि अधिक महिना घालून तें सूर्याशीं जुळवून घेतलेलें आहे. त्यामुळें हा दिवस पुष्कळदां आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आसपास पडतो, क्वचित् आषाढांत जातो. २०२५ सालीं तो ३१ मे रोजीं आला. त्या दिवशीं आपल्याकडेही ज्येष्ठ शुद्ध पंचमीच होती.

मी शाळेंत इतिहास शिकवीत असतांना ह्या सणाविषयीं मुलांना एकच वाक्य सांगत असें. च्यू युआन नांवाच्या देशभक्त कवीनें नदींत जीव दिला, त्याचा देह शोधण्यासाठीं लोकांनीं होड्या पाण्यांत घातल्या, आणि तेव्हांपासून हा सण पडला. वाक्य सुटसुटीत होतें व मुलांना तें चटकन् पाठही होई. पुढें निवृत्त झाल्यावर सवडीनें वाचन झालें, तेव्हां ध्यानांत आलें कीं मीं क्रमच उलटा सांगितला होता. लोक आधींच घराबाहेर पडलेले होते. कवि त्यांना वाटेंत मागाहून भेटला. आज ही चूक दुरुस्त करावी ह्या हेतूनेंच मी आपल्यापुढें बोलत आहें.

लोक घराबाहेर कां पडत? प्रारंभीं तरी तें मौजेसाठीं नव्हे, भीतीनें. पांचवा महिना हा जुन्या चिनी समजुतीप्रमाणें वाईट महिना, विषाचा महिना. यांगत्से नदीच्या खोऱ्यांत ह्या सुमारास उष्मा वाढतो, पावसाची झड लागते, भिंतींना व कपड्यांना बुरशी धरते, पोटाचे विकार बळावतात, आणि बिळांतून व अडगळींतून नाना जीव बाहेर निघतात. साप, विंचू, घोण, पाल आणि बेडूक ह्या पांचांना तेथें ‘पंचविष’ म्हणत. लहान मुलांच्या अंगरख्यांवर ह्याच पांच प्राण्यांचीं चित्रें भरीत, म्हणजे विषानेंच विषाचा उतारा व्हावा. मुलांच्या दंडांत पांच रंगांचा रेशमी दोरा बांधीत. ह्या चालीची नोंद इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील ग्रंथांत सांपडते. आपल्याकडे दृष्ट लागूं नये म्हणून मुलाच्या मनगटांत काळा दोरा बांधणारी आजी ह्या चालीला हंसणार नाहीं.

ही भीति किती जुनी होती ह्याची एक गोष्ट सू-मा च्येन ह्या थोर इतिहासकारानें इसवी सनापूर्वीं सुमारें शंभर वर्षें लिहून ठेविली आहे. ची नांवाच्या राज्यांत त्येन यिंग ह्या सरदाराला पांचव्या महिन्याच्या पांचव्या तिथीला मुलगा झाला. अशा दिवशीं जन्मलेलें मूल दाराच्या उंचीएवढें वाढलें म्हणजे आईबापांचा घात करतें अशी समजूत होती. बापानें मूल टाकून देण्यास सांगितलें. आईनें तें चोरून वाढविलें. मोठेपणीं मुलगा बापासमोर उभा राहिला, आणि त्यानें विचारलें कीं, माणसाचें दैव आकाशाकडून येतें कीं दाराच्या चौकटीकडून? चौकटीकडून येत असेल तर चौकटच उंच करून घ्यावी, म्हणजे झालें. हाच मुलगा पुढें मंग-छांगचा अधिपति म्हणून त्या राज्याचा मुख्य प्रधान झाला. ज्या दिवसाला लोक इतके भीत, त्या दिवसाचा पुढें देशभर हर्षाचा सण झाला ही गोष्ट मला च्यू युआनच्या कथेपेक्षांही विलक्षण वाटते.

भीतीवर उपाय म्हणून औषधी वनस्पति गोळा करावयाच्या, आणि त्या रानांत मिळतात, म्हणून रानांत जावयाचें. भर मध्यान्हीं खुडलेल्या वनस्पतीचा गुण सर्वांत अधिक, अशी श्रद्धा होती. दारावर टांगण्याच्या दोन वनस्पति मुख्य. एक दवण्याच्या कुळांतील उग्र वासाची वनस्पति. आणि दुसरें आपलें वेखंड, बाळंतिणीच्या खोलींत व बाळाच्या टाळूवर लागणारें तेंच. वेखंडाचीं पानें लांब व तलवारीसारखीं असतात, म्हणून तीं दाराच्या चौकटीला शस्त्रासारखीं लावीत. मद्यांत मनशीळ उगाळून पिण्याचीही चाल होती. मनशीळ म्हणजे सोमलाच्या वर्गांतील खनिज. तेव्हां हा उपाय रोगापेक्षां भयंकर म्हटला पाहिजे, आणि हल्लीं तेथील वैद्य त्याचा निषेध करतात, हें बरेंच आहे.

इसवी सनाच्या सहाव्या शतकांत त्सुंग लिन ह्या ग्रंथकारानें मध्य चीनमधील सणवारांचें एक छोटेंसें पुस्तक लिहिलें. त्यांत तो सांगतो कीं ह्या दिवशीं सर्व थरांतले लोक बाहेर जाऊन गवत तुडवितात, आणि त्या उग्र वनस्पतीची माणसाच्या आकाराची बाहुली करून दारावर टांगतात. गवत तुडविणें! श्रोते हो, सहलीचें ह्याहून साधें वर्णन कोणतें असूं शकेल? औषधी शोधण्याच्या निमित्तानें गेलेला माणूस पायांखालच्या हिरवळीवर रमला, आणि निमित्त मागें पडून रमणें उरलें. पुढें ह्यांतूनच एक खेळ निघाला. कोणीं किती जातींचीं झाडेंझुडपें आणलीं आणि कोणाजवळ सर्वांत दुर्मिळ वस्तु आहे, ह्याची पैज लागे. ह्या खेळाच्या नादाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. स्ये लिंग-युन नांवाचा सुंदर दाढीचा कवि इ. स. ४३३ मध्यें देहान्तशिक्षा पावला. मरतांना त्यानें आपली दाढी एका विहारांतील विमलकीर्तीच्या मूर्तीला लावण्यासाठीं दिली. विमलकीर्ति म्हणजे आपल्या वैशालींतला बौद्ध कथांमधील विद्वान् गृहस्थ. पावणेतीनशें वर्षांनंतर आन-लो राजकन्येनें दुआनवूच्या पैजेंत आपली वस्तु सर्वांत अपूर्व ठरावी म्हणून स्वार दौडवून त्या दाढीचे केंस आणविले, आणि दुसऱ्या कोणाला मिळूं नयेत म्हणून उरलेले टाकून दिले. राजघराण्यांतील मंडळी पैजेसाठीं काय करतील ह्याचा नेम नाहीं.

आतां नदीकडे वळूं. ह्या दिवशीं नदीवर होड्यांच्या शर्यती होतात. होडी लांब व अरुंद, तिच्या तोंडाला ड्रॅगनचें मस्तक, मध्यें नगारा, आणि नगाऱ्याच्या ठोक्यावर दोहों बाजूंस पडणारीं वल्हीं. ड्रॅगन म्हणजे चिनी कल्पनेप्रमाणें पावसाचा व पाण्याचा स्वामी. बौद्ध ग्रंथांतील ‘नाग’ ह्या शब्दासाठीं चिनी भाषांतरकारांनीं ड्रॅगनवाचक शब्दच योजला, ह्यावरून त्याचें आणि आपल्या नागदेवतेचें नातें ध्यानांत येईल. भातलावणीच्या दिवसांत पाण्याच्या देवतेची आराधना करणें हें शेतकरी समाजाला अगदीं साजेसें आहे.

परंतु आराधना देवतेची असली तरी लोकांना स्मरणासाठीं माणूस हवा असतो; आणि प्रत्येक नदीनें आपापला माणूस निवडला. सूचौ शहरांत ह्या दिवशीं वू त्स्यू ह्याचें नांव घेतात. वू राज्याचा हा प्रधान. राजाला न रुचणारा सल्ला दिला म्हणून इ. स. पूर्व ४८४ मध्यें त्याला आत्महत्या करण्यास भाग पाडलें, आणि त्याचा देह चामड्याच्या पिशवींत घालून नदींत फेंकला. तेथून दक्षिणेस, आजच्या च-च्यांग प्रांतांत, त्साव अ नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलीचें मंदिर आहे. इ. स. १४३ मध्यें ह्याच तिथीला तिचा बाप, जो देवर्षी होता, नदीवर देवाच्या स्वागताचा विधि करीत असतांना बुडाला. मुलगी सतरा दिवस कांठावर रडत फिरली आणि शेवटीं तिनें पाण्यांत उडी घेतली. त्या नदीचें नांवच पुढें त्साव अ पडलें. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें येथें एक गोष्ट टिपून ठेवावी: बाप बुडाला तो ह्याच तिथीच्या नदीपूजेंत. म्हणजे दुसऱ्या शतकांत पांचव्या तिथीचा नदीवरचा विधि चालू होता, आणि त्या ठिकाणीं त्याचा च्यू युआनशीं संबंध नव्हता.

च्यू युआनची योग्यता मी कमी लेखीत आहें असें कोणीं समजूं नये. इ. स. पूर्व ३४० च्या सुमारास जन्मलेला हा चू राज्याचा अमात्य. पश्चिमेकडील छिन राज्य बळावत चाललें होतें, आणि त्याच्यावर विश्वास ठेवूं नये असें तो आपल्या ह्वाय राजाला सांगत होता. राजानें ऐकलें नाहीं. तो छिनच्या हातीं सांपडला आणि इ. स. पूर्व २९६ मध्यें परमुलखांत बंदी असतांनाच मेला. च्यू युआनच्या वांट्यास हद्दपारी आली. त्या भ्रमंतींत त्यानें जीं काव्यें रचलीं त्यांतील ‘ली साव’ हें दीर्घ काव्य चिनी साहित्याच्या मुकुटमण्यांत गणलें जातें. इ. स. पूर्व २७८ मध्यें छिनच्या सेनापतीनें चूची राजधानी घेतली. परंपरा अशी आहे कीं, त्याच वर्षीं च्यू युआननें छातीशीं दगड घेऊन मीलो नदींत देह ठेविला. सू-मा च्येननें त्याचें चरित्र मोठ्या कळकळीनें लिहिलें आहे. पण त्यांत मृत्यूची तिथि दिलेली नाहीं. पांचव्या महिन्याची पांचवी तिथि त्याला लोकांनीं मागाहून दिली.

आणि लोकांनीं ती किती मायेनें दिली पहा. ह्या दिवशीं चिकट जातीचा तांदूळ पानांत गुंडाळून, दोऱ्यानें बांधून उकडतात. त्या पदार्थाला झोंगझी म्हणतात. त्याविषयीं जुनी कथा अशी: छांगशा येथील एका मनुष्याला च्यू युआन दिसला, आणि म्हणाला कीं, तुम्ही दरवर्षीं माझ्यासाठीं पाण्यांत तांदूळ सोडतां, परंतु पाण्यांतील ड्रॅगन तो खाऊन टाकतात, ह्यापुढें तो बकाणनिंबाच्या पानांनीं झांकून पांचरंगी दोऱ्यानें बांधावा, कारण ह्या दोन वस्तूंना ते भितात. पांचरंगी दोरा आपण मघां मुलाच्या दंडांत पाहिलाच. जुन्या भीतीचें साहित्यच नव्या भक्तीच्या कामीं आलें. वेन यी-तो ह्या आधुनिक चिनी कवीनें व पंडितानें १९४० नंतरच्या दशकांत ह्या सणाचें मूळ शोधून असें प्रतिपादन केलें कीं, तो च्यू युआनच्याही आधींचा, दक्षिणेकडील ड्रॅगनपूजक लोकांचा सण होय. तरीही च्यू युआन ह्या नांवाला हा सण शोभतो असेंच त्यानें मानलें. स्वतः वेन यी-तो १९४६ सालीं कुनमिंग शहरांत निर्भयपणें भाषण करून परत जातांना मारेकऱ्यांच्या गोळ्यांस बळी पडला.

नदीकांठचा हा सण मोठ्या शहरांत गेला तेव्हां त्याचें रूप पालटलें. नगरवासी माणूस रानांत जाईना, म्हणून रान त्याच्या दारांत विकावयास आलें. सुंग राजवटीच्या कायफेंग राजधानींत सणाच्या आधीं चार दिवस रस्तोरस्तीं वेखंडाचीं पानें, फुलें व फांद्या विकीत असत. हें मंग युआन-लाव ह्यानें ११४७ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत आहे. पण तो लिहीत होता तेव्हां कायफेंग शत्रूच्या ताब्यांत जाऊन वीस वर्षें झालीं होतीं, आणि हा गृहस्थ दक्षिणेंत निर्वासित होता. पुढें हांगचौ राजधानी झाली. तेथील पश्चिम सरोवर सु शी ह्या कवीनें, तो तेथें अधिकारी असतांना, १०९० सालीं गाळ काढून वांचविलें होतें. काढलेल्या गाळाचा सुमारें पावणेतीन किलोमीटर लांबीचा सहा पुलांचा बांध त्यानें सरोवरांतच घातला, आणि तो आजही प्रवाशांचा आवडता रस्ता आहे. राजधानीचे लोक ह्या सरोवरावर नावा घेऊन इतका पैसा उधळीत कीं, त्याला सोनें वितळविणारी कढई म्हणत. हें सांगणारा चौ मी हा लेखकही, मंगोलांनीं १२७६ सालीं हांगचौ घेतल्यानंतर, गेल्या दिवसांच्या आठवणींनीं लिहीत होता. सहलींचे हे दोन सुंदर ग्रंथ, आणि दोघांच्याही कर्त्यांनीं आपलें शहर गमावलेलें. आपण सहलीला जातों तेव्हां तिच्या तपशिलाची नोंद ठेवण्याचें कोणाला सुचतें?

पेकिंग, म्हणजे आतांचें बीजिंग, तेथें न नदी मोठी न तशी हिरवळ. तेथील लोकांनीं निराळीच युक्ति काढली. १६३५ सालच्या एका वर्णनांत असें आहे कीं, ह्या दिवशीं दुपारच्या आधीं लोक झुंडीझुंडीनें स्वर्गमंदिराच्या आवारांत जात, आणि आपण विष टाळण्यासाठीं जातों असें म्हणत. दुपारनंतर आवाराच्या भिंतीबाहेर घोडे दौडवीत. स्वर्गमंदिर म्हणजे बादशहाचें यज्ञस्थान, १४२० सालीं बांधलेलें. तेथील जुन्या वृक्षांची दाट छाया हेंच लोकांचें रान झालें. त्याच काळीं तेथें ह्या सणाला कन्यांचा सण असेंही नांव होतें. मुलींच्या केंसांत डाळिंबाचीं लाल फुलें माळीत, आणि लग्न झालेल्या मुली माहेरीं येत. आपल्याकडील माहेरवाशिणीला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

विसाव्या शतकांत ह्या सणावर सरकारची नजर गेली. १९१२ सालीं नव्या प्रजासत्ताकानें युरोपीय पंचांग स्वीकारलें. जुन्या सणांचें काय करावयाचें हा प्रश्न आला, तेव्हां १९१४ सालीं गृहमंत्री चू छी-च्येन ह्याच्या सूचनेवरून दुआनवूला ‘उन्हाळ्याचा सण’ असें नांव देऊन सुटी ठेवण्यांत आली. ह्याच गृहस्थानें त्याच वर्षीं राजवाड्याशेजारची एक बादशाही वेदी सार्वजनिक उद्यान म्हणून लोकांना खुली करविली. सुटी दिली आणि सुटींत जावयास जागाही दिली. असा मंत्री विरळाच! स्वर्गमंदिरही १९१८ सालीं रीतसर उद्यान झालें. पुढें १९४९ च्या डिसेंबरांत नव्या राजवटीनें सुट्यांची यादी केली, तींत दुआनवू नव्हता. जवळजवळ साठ वर्षें लोकांनीं हा सण बिनसुटीचा पाळला. स्त्रिया घरांत झोंगझी करीत राहिल्या, आणि दाराला वेखंड लागत राहिलें. २००५ सालीं कोरियांतील गांगनुंग गांवच्या ह्याच तिथीच्या उत्सवाला युनेस्कोनें मान्यता दिली, तेव्हां चीनमध्यें मोठी खळबळ उडाली. अखेर २००७ च्या डिसेंबरांत निर्णय झाला, आणि २००८ सालच्या ८ जूनला दुआनवूची पहिली राष्ट्रीय सुटी मिळाली. त्यासाठीं मे महिन्यांतील कामगार दिनाची तीन दिवसांची सुटी तेव्हां एका दिवसावर आणली. दुसऱ्याच वर्षीं युनेस्कोनें चिनी सणालाही मान दिला. त्यांत जीं चार स्थळें नोंदलीं आहेत, त्यांत च्यू युआनच्या जन्माचें त्स्-ग्वेय व मृत्यूचें मीलो हीं आहेतच, आणि वू त्स्यूचें सूचौही आहे. म्हणजे ज्याची त्याची नदी त्याला मिळाली.

आतां कोणा श्रोत्याला चीनला जाण्याचा योग आलाच, तर कोठें जावें? हांगचौ सुंदर आहे. पण सुटीच्या दिवशीं तेथील बांधावर माणसांची इतकी गर्दी होते कीं सरोवर पाहावें कीं पुढच्याची पाठ, असा प्रश्न पडतो. ज्याला शांतता हवी त्यानें हूनान प्रांताच्या पश्चिम टोंकाला छा-तुंग नांवाचें नदीकांठचें छोटें गांव आहे तेथें जावें. शेन त्सुंग-वेन ह्याच्या १९३४ सालच्या कादंबरींत तेथला दुआनवू आला आहे. शर्यती आटोपल्यावर गळ्यांत लाल चिंध्या बांधलेलीं हिरव्या डोक्याचीं बदकें नदींत सोडतात, ज्याला पकडतां येईल तें त्याचें. आणि संध्याकाळीं एक लहान मुलगी कांठावर आजोबांची वाट पाहत उभी असते. कादंबरी इतकी लोकप्रिय झाली कीं, २००५ सालीं गांवाला तिचेंच नांव दिलें.

माझ्या मनांत मात्र त्स्-ग्वेय घर करून आहे. यांगत्सेच्या घळींत, च्यू युआनच्या जन्मप्रांतांत, थांग राजवटीपासून त्याचें एक देऊळ होतें. नदीवर पहिलें मोठें धरण झालें तेव्हां देऊळ उचलून वर नेलें. त्याहून मोठें दुसरें धरण आलें, आणि २००३ सालीं पाणी चढूं लागलें, तेव्हां तें पुन्हां उचलून धरणाजवळच्या टेकडीवर नेलें. ज्यानें पाण्यांत देह ठेविला त्याच्या देवळाला दोनदां पाण्यापासून पळावें लागलें. तेथें शर्यतीपूर्वीं एक विधि असतो. होड्या सावकाश नदींत जातात, एक जण आळवून गातो, आणि वल्हेकरी त्याला साथ देत च्यू युआनला परत घरीं येण्याची हांक घालतात. पूर्वीं ही हांक ज्या देवळासमोर घातली जाई, त्याची मूळ जागा आतां खोल पाण्यांत आहे. हांक संपली म्हणजे नगारा वाजतो, आणि मग शर्यत सुरू होते.